साठ सेकंदांची मर्यादा, चौसष्ट सेकंदांचा फोटो

एका संस्थेने प्रशिक्षण आणि शिष्यवृत्तीसाठी ऑनलाइन अर्ज मागवले होते. फॉर्म सहा पानांचा. पहिल्या पाच पानांवर माहिती भरायची, सहाव्यावर स्वतःचा फोटो, ओळखपत्र आणि गुणपत्रिका जोडून ‘सबमिट’ दाबायचं. शहरांतून अर्ज नीट आले. खेड्यांतून सुरू झालेले बरेचसे अर्ज मात्र सहाव्या पानावर येऊन थांबत होते, आणि जे पोचले त्यांत एकाच माणसाचे दोन-दोन, तीन-तीन अर्ज सापडत होते. संस्थेच्या बैठकीत कारण आधीच ठरून गेलं होतं: तिकडे नेट नसतं, आणि लोकांना फॉर्म भरायचं समजत नाही. माझ्याकडे काम आलं ते ‘ग्रामीण अर्जदारांसाठी सोपी आवृत्ती’ बनवायचं.

मी खेड्यात राहूनच वेबसाइटी बनवते. छतावरच्या अँटेनातून येणारं वायरलेस नेट, ते गेलं की फोनचा हॉटस्पॉट, अशी रोजची व्यवस्था. त्यामुळे दोन्ही कारणं मला पटेनात. नेटच नसतं तर माणूस सहाव्या पानापर्यंत आला कसा? आणि पाच पानं बिनचूक भरणाऱ्याला नेमकं सहावंच समजत नाही, हे कशावरून?

लॉगमध्ये काय होतं

संस्थेने मला जी आकडेवारी दाखवली, ती ज्यांचं काम झालं त्यांचीच होती. भेटी मोजणारी स्क्रिप्ट पानावर सगळ्यात शेवटी लोड व्हायची. ज्याचं पान मध्येच अडकलं तो मोजणीत आलाच नाही. हा घोळ नवा नाही. यूट्यूबमध्ये काम करणाऱ्या ख्रिस झकारियास या अभियंत्याने व्हिडिओचं पान १.२ एमबीवरून ९८ केबीपर्यंत उतरवलं, तेव्हा पान उघडायला लागणारा सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. कारण असं की जिथे पूर्वी पान उघडायला वीस मिनिटं लागत, तिथले लोक वाट पाहून निघून जात. हलकं पान दोन मिनिटांत उघडायला लागल्यावर ते थांबले, आणि पहिल्यांदाच सरासरीत आले. सरासरीवर भरवसा ठेवून ‘आपली साइट वेगवान आहे’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ऐकवावीशी वाटते.

म्हणून सर्व्हरचे कच्चे लॉग, म्हणजे त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक विनंतीच्या नोंदी, मागवले. त्यात चित्र सरळ होतं. सहाव्या पानाची विनंती यायची, डेटा येत राहायचा आणि बरोबर साठाव्या सेकंदाला सर्व्हर ती तोडायचा. नोंद पडायची ४०८, म्हणजे वेळ संपली. ही साठ सेकंदांची मर्यादा मुद्दाम कोणी ठरवलेली नव्हती. जुन्या प्रकल्पाची कॉन्फिगरेशन फाइल (सर्व्हरच्या सेटिंग्जची) उचलताना तिच्यासोबत ती आली होती.

आता हिशोब बघा. आजच्या फोनवर काढलेला फोटो सहज ४ एमबीचा असतो, म्हणजे एका बाइटचे आठ बिट धरून ३२ मेगाबिट. अपलोड ५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिट, असेल तर तो साधारण साडेसहा सेकंदांत जातो. अपलोड अर्धा एमबीपीएस असेल तर लागतात ६४ सेकंद. मर्यादा ६०. आणि हे फक्त एका फोटोचं. फॉर्ममध्ये तीन फाइली एकाच विनंतीत जात होत्या.

स्क्रीनवर हे कसं दिसतं? निळी पट्टी हळूहळू सरकते, अर्ध्याच्या आतबाहेर येते, आणि मग लाल अक्षरं: ‘काहीतरी चुकलं. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’ तिन्ही फाइली पुन्हा निवडायच्या. पट्टी परत शून्यावरून. अर्ध्या एमबीपीएसने साठ सेकंद म्हणजे जवळपास पावणेचार एमबी डेटा प्रत्येक खेपेला वाया, आणि पुढच्या खेपेलाही तेच होणार हे गणितानेच ठरलेलं. माणसाने कितीही चिकाटी दाखवली तरी हा फॉर्म त्याला भरता येणारच नव्हता. त्याला मात्र वाटत राहतं की आपलंच काहीतरी चुकतंय, कारण संदेशही तसंच सुचवतो.

डाउनलोड चांगलं असूनही अपलोड कमी असणं खेड्यात नेहमीचंच. टॉवरकडून फोनकडे येणारा सिग्नल ताकदवान असतो. उलट दिशेने फोनला आपल्या छोट्याशा बॅटरीवर तो सिग्नल टॉवरपर्यंत पोचवावा लागतो. टॉवर लांब असला की पहिल्यांदा मान टाकतं ते अपलोड. धोरणांतही ते मागेच राहिलं. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २०१५ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या डाउनलोड २५ आणि अपलोड ३ एमबीपीएस अशी केली होती. २०२४ मध्ये ती १०० आणि २० केली. नेट म्हणजे काहीतरी बघायची सोय, ही समजूत अशा आकड्यांतून डोकावते. अर्ज करणं, कागदपत्रं पाठवणं, व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलणं, माझ्यासारखीचं काम सर्व्हरवर चढवणं, हे सगळं उलट्या दिशेचं आहे.

दुबार अर्जांचं कोडंही लॉगनेच सोडवलं. काहींचा अर्ज पोचला होता, सर्व्हरने तो जमाही केला होता, पण ‘अर्ज मिळाला’ हे उत्तर परत येताना रेंज गेली. समोर चक्र फिरत राहिलं. माणसाने पुन्हा बटण दाबलं आणि सर्व्हरने दुसरा अर्ज नोंदवला. संस्थेच्या कागदावर त्याची नोंद ‘अर्जदाराने सूचना वाचल्या नाहीत’ अशी झाली होती.

एमबीपीएसच्या पलीकडे

पहिली पाच पानं तरी सुखाने उघडत होती का? नाही. फक्त ती कशीबशी उघडत होती, एवढंच. इथे संस्थेच्या तांत्रिक प्रमुखांशी माझा बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, ‘मॅडम, तिकडे आता ४जी आहे, वीस-पंचवीस एमबीपीएस मिळतात, पानं का अडतील?’ स्पीड टेस्टचा आकडा खोटा नसतो. पण स्पीड टेस्ट एकाच सर्व्हरकडून भरपूर डेटा सलग खेचते. वेबपान उघडताना फोनकडून सर्व्हरकडे आणि परत अशा छोट्या-छोट्या खूप फेऱ्या होतात.

नवीन सुरक्षित जोडणीसाठी आधी डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, पत्ता विचारायचा, एक फेरी. टीसीपीची, म्हणजे डेटा नीट पोचवणाऱ्या नियमावलीची, ओळख, दुसरी. मग जोडणी सुरक्षित करणारं टीएलएस; त्याच्या जुन्या १.२ आवृत्तीत कुलूप-किल्ली ठरवायला आणखी दोन. मग पानाची मागणी. पाच फेऱ्या झाल्या, अजून पहिलं अक्षर दिसलेलं नाही. एका फेरीला ३० मिलिसेकंद लागत असतील तर हे जाणवतही नाही. पण भूस्थिर उपग्रहावरचं नेट घ्या. तो ३५,७८६ किलोमीटर वर असतो. सिग्नल वर जाऊन खाली येणार, उत्तरही तसंच येणार, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेसुद्धा एका फेरीला जवळपास अर्धा सेकंद. प्रत्यक्षात ६०० मिलिसेकंद धरले तर पाच फेऱ्यांना तीन सेकंद, आणि ते प्रत्येक नव्या डोमेनसाठी. आमच्या फॉर्मवर फॉन्ट एका ठिकाणहून, चॅटचा गोल दुसरीकडून, नकाशा तिसरीकडून, मोजणीची स्क्रिप्ट चौथीकडून येत होती. नकाशा कशाला होता? संस्थेचं कार्यालय दाखवायला. अर्जाच्या पानावर.

जोडणी झाल्यावरही टीसीपी एकदम धावत नाही. २०१३ च्या आरएफसी ६९२८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाप्रमाणे सुरुवातीला दहा पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे), म्हणजे साधारण १४ केबी पाठवतं. पोच आली की पुढच्या फेरीत दुप्पट. १४, २८, ५६ असं करत १ एमबी पोचायला सात फेऱ्या लागतात. ६०० मिलिसेकंदांच्या फेरीने हे झाले चार सेकंदांहून जास्त. प्लॅन १०० एमबीपीएसचा असो की ५०० चा, हा वेळ तसाच राहतो.

आणि पॅकेट हरवू लागली की आणखीच पंचाईत. टीसीपीतला गर्दी ओळखायचा उपाय व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडला, तेव्हा गृहीत असं होतं की पॅकेट हरवलं म्हणजे वाटेत गर्दी आहे, हळू चला. तारांच्या जाळ्यात ते शहाणपणाचं होतं. वायरलेसमध्ये पॅकेट पावसाने, झाडाने, लांबच्या अंतराने हरवतं. गर्दी नसतेच, तरी टीसीपी ब्रेक मारतं. १९९७ मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी यासाठी सूत्र दिलं. त्यात १०० मिलिसेकंदांची फेरी आणि १ टक्का गळती (हरवणारी पॅकेट) घातली तर पारंपरिक टीसीपीच्या एका जोडणीला मिळतात साधारण १.४ एमबीपीएस. शंभरचा प्लॅन असला तरी. मोबाइलचं जाळं ही गळती आतल्या आत पुन्हा पाठवून झाकतं, पण मग ती उशीर होऊन बाहेर येते: कधी ८० मिलिसेकंद, कधी अचानक दोन सेकंद. वेग ठरवायची गुगलची नवी पद्धत बीबीआर, किंवा टीसीपीऐवजी वापरलं जाणारं, एचटीटीपी/३ खालचं क्विक, याने बरंच सुधारतं, पण ते सर्व्हरवर चालू करावं लागतं. आमच्या सर्व्हरवर टीएलएस १.३ सुद्धा चालू नव्हतं, जे २०१८ पासून मानक आहे आणि एक पूर्ण फेरी वाचवतं.

तांत्रिक प्रमुखांनी चाचणी केली नव्हती असं नाही. ब्राउझरच्या साधनांत ‘स्लो ४जी’ निवडून त्यांनी फॉर्म भरून पाहिला होता आणि तो भरला गेला होता. ती सोय एकसारखा उशीर आणि कमी वेग दाखवते. पानाच्या विनंत्यांतली पॅकेट गळत नाहीत, मध्येच वीस सेकंद रेंज जात नाही. मी लिनक्सच्या नेटएम या, खराब नेटची नक्कल करणाऱ्या साधनाने गळती आणि कमी-जास्त होणारा उशीर लावून तोच फॉर्म त्यांच्यासमोर व्हिडिओ कॉलवर भरला. माझा कॉल दोनदा तुटला, आणि मला वाटतं चाचणीपेक्षा त्या तुटण्याचाच परिणाम जास्त झाला.

काय बदललं

सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात साध्या गोष्टीने झाला: फोटो पाठवण्याआधी फोनवरच लहान करणं. ओळखपत्रावरची अक्षरं वाचता यावीत एवढंच हवं असेल तर ४ एमबीचा फोटो ३००–४०० केबीत बसतो. अर्ध्या एमबीपीएसवर तो पाच-सहा सेकंदांत जातो. यात नवं तंत्रज्ञान काही नाही, ब्राउझर हे कितीतरी वर्षं करू शकतात.

मग तीन फाइली वेगळ्या केल्या आणि प्रत्येक तुकड्या-तुकड्यात जाईल अशी व्यवस्था केली. टस नावाचा खुला प्रोटोकॉल आहे. तुटल्यानंतर फोन सर्व्हरला आधी विचारतो, ‘तुझ्याकडे कुठपर्यंत आलंय?’, आणि तिथून पुढचंच पाठवतो. पट्टी आता मागे जात नाही. साठ सेकंदांची मर्यादाही बदलली: एकूण वेळ न मोजता सलग काही काळ एकही बाइट आला नाही तरच तोडायचं. हळू चालणारा आणि थांबलेला यांत सर्व्हरने फरक केलाच पाहिजे.

प्रत्येक अर्जाला फॉर्म उघडतानाच एक क्रमांक दिला. बटण कितीही वेळा दाबा, क्रमांक तोच, त्यामुळे अर्ज एकच. दुबार अर्ज थांबले आणि ‘सूचना वाचा’ असं ओरडणारी लाल चौकट काढून टाकता आली.

पानांवरून नकाशा, चॅट आणि बाहेरचा फॉन्ट गेला. मूळ फॉर्म साध्या एचटीएमएलचा केला. जावास्क्रिप्ट आली तर फोटो लहान करणं वगैरे सोयी मिळतात, नाही आली तरी फॉर्म भरता येतो. पानं सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये मागे चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टने) फोनवर साठवली, म्हणजे एकदा उघडलेला फॉर्म रेंज गेल्यावरही भरत राहता येतो.

इथे एक खाचखळगा सांगून ठेवते, कारण बरेच जण त्यात पडतात. ब्राउझर ‘ऑनलाइन’ आहे असं सांगतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की फोन कुठल्यातरी जाळ्याला जोडलेला आहे. वायफायचा राउटर चालू आहे पण त्याच्या मागचं नेट मेलंय, तरी उत्तर ‘ऑनलाइन’. त्यामुळे त्यावर विसंबून ‘पाठवा’ बटण हिरवं करणं फसवं. आम्ही सर्व्हरकडून खरी पोच आल्याशिवाय ‘जमा झालं’ म्हणतच नाही. तोवर स्क्रीनवर लिहिलेलं असतं: ‘तुमची माहिती या फोनवर जपलेली आहे, अजून संस्थेकडे पोचलेली नाही.’ हे वाक्य लिहायला मला सगळ्या कोडपेक्षा जास्त वेळ लागला.

नवी आवृत्ती सुरू झाल्यावर फॉर्म पूर्ण करायला लागणारा सरासरी वेळ वाढला. का वाढला हे मला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

वेगळी आवृत्ती का नको

संस्थेला मुळात हवी होती ती वेगळी ‘ग्रामीण आवृत्ती’ मी केली नाही. माझा अनुभव असा की अशी दुसरी साइट पहिल्या वर्षी कौतुकाने चालते आणि मग तिच्याकडे कोणी फिरकत नाही. तारीख बदलली की मुख्य साइटवर बदलते, इकडे जुनीच राहते. शिवाय ‘ग्रामीण’ कोण हे सर्व्हरने कसं ओळखायचं? शहरातला माणूस लिफ्टमध्ये, तळघरात, गर्दीच्या सभागृहात याच अवस्थेत असतो. साठ सेकंदांची मर्यादा त्यालाही तोडत होती; फरक इतकाच की तो घरी जाऊन वायफायवर पुन्हा भरू शकत होता.

ॲप काढू या, असाही एक आग्रह होता. ज्याला एक फोटो पाठवता येत नाही त्याने आधी कित्येक एमबीचं ॲप उतरवायचं, भरलेल्या फोनवर त्यासाठी जागा करायची, आणि ते वर्षातून एकदा वापरायचं. हा आग्रह फार टिकला नाही.

सामायिक फोन

खरी डोकेदुखी वेगळीच निघाली. अर्धा भरलेला अर्ज फोनवर जपायचा, हे एकट्याच्या फोनसाठी उत्तम. पण अर्जदारांपैकी कित्येकांचा फोन घरात चौघांत मिळून असतो, किंवा ते एखाद्या जाणत्या माणसाच्या संगणकावर बसून फॉर्म भरतात. तिथे मसुदा आणि ओळखपत्राचा फोटो ब्राउझरमध्ये राहिला तर पुढच्या माणसाला तो दिसणार. नेट तुटण्यावरचा उपाय खासगीपणा फोडत होता.

मधला मार्ग असा काढला: मजकूर फोनवर राहतो, कागदपत्रांचे फोटो पोच मिळताच पुसले जातात, आणि सुरुवातीलाच साधा प्रश्न विचारतो, ‘हा फोन इतर कोणी वापरतं का?’ ‘हो’ म्हटलं तर फोनवर काहीच जपत नाही. मजकूर पानागणिक सर्व्हरवर जातो आणि एक छोटा सांकेतिक क्रमांक मिळतो, तो कागदावर लिहून घ्यायचा. म्हणजे ज्याची साधनं सगळ्यात तुटपुंजी त्यालाच नेटवर सगळ्यात जास्त अवलंबून राहावं लागतं. हे मला अजूनही खटकतं, पण याहून बरं सुचलेलं नाही. त्यात सफारीसारखा ब्राउझर सात दिवस साइट न वापरल्यास साठवलेला डेटा स्वतःहून पुसतो, त्यामुळे एकट्याच्या फोनवरचा मसुदाही कायमचा नाहीच.

ओटीपीचंही तसंच. एसएमएस रेंज आल्यावर येतो, मुदत दहा मिनिटांची. आणि नंबर बहुधा घरातल्या दुसऱ्याच माणसाचा, जो त्या वेळी दुसरीकडे असतो. मुदत वाढवली, ओटीपी अर्जाच्या शेवटी न मागता सुरुवातीला मागितला. त्याने थोडं हलकं झालं.

कोडने न सुटणारं

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार शहरांत ८३ टक्के लोक इंटरनेट वापरतात, ग्रामीण भागात ४८ टक्के. मी केलेली सगळी दुरुस्ती त्या ४८ मधल्या काहींसाठी होती. उरलेल्यांसाठी टॉवर, तार, वीज, परवडणारा फोन आणि शिकवणारं माणूस लागतं; फॉर्म हलका केल्याने त्यातलं काही उगवत नाही. संस्थेच्या अहवालात ‘ग्रामीण संपर्काचा प्रश्न सोडवला’ असं वाक्य आलं होतं, ते मी आग्रहाने काढायला लावलं. उद्या कोणी तेच वाक्य दाखवून म्हणायचं, की साइटी हलक्या झाल्या, आता फायबर कशाला?

साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांचं नेट आलं आणि फेरी शंभर मिलिसेकंदांच्याही खाली आली, ही मोठी गोष्ट आहे. मी स्वतः ते नेट वापरून काम केलंय. तरी एका उपग्रहाखालच्या परिसरात जितके जास्त वापरणारे तितकी वाटणी जास्त, आणि घरच्या डिशचा खर्च अर्ज भरणाऱ्या मुलीला झेपणारा नसतो. जमिनीतून गेलेली तार गावात एकदा आली की नंतर यंत्रं बदलून तिची क्षमता वाढवता येते. माझं मत विचाराल तर पैसा तिथे घाला.

एका मुद्द्यावर मात्र संस्था आणि मी अजून सहमत नाही: शेवटची तारीख. समजा मुदत मध्यरात्रीची. अर्जदाराने अकरा वाजता बटण दाबलं, रेंज नव्हती, अर्ज फोनवर थांबला आणि पहाटे पोचला. तो वेळेत आला का? मी म्हणते, आला. त्यांचं म्हणणं, फोनचं घड्याळ कोणीही मागे करू शकतं, आणि हे खरं आहे. सध्या ठरलंय ते असं: मुदतीआधी अपलोड सुरू होऊन एक तरी तुकडा सर्व्हरवर पोचला असेल, तर उरलेल्यासाठी चोवीस तास मिळतात. ज्याचा एकही तुकडा पोचला नाही त्याचा अर्ज उशिराचाच धरला जातो. अर्जांच्या पुढच्या खेपेआधी या नियमावर पुन्हा बसायचं आहे. तोवर किती अर्ज असे मधल्या रात्री अडकले, हे लॉगमधून वेगळं काढून ठेवायचं काम मी सुरू केलंय.